स्वर्गात कंटाळा येईल? त्या व्हायरल संदेशातल्या एकेका मुद्द्याला उत्तर

गेले काही महिने एक संदेश कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. तालमीच्या, शाळेतल्या जुन्या बॅचच्या, सोसायटीच्या. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुणांच्या ग्रुपवरही तो आला आणि काहींनी मला अगदी मनापासून विचारलं की याला उत्तर काय. म्हणून हे लिहितोय.

संदेश थोडक्यात असा: "भावा, स्वर्ग म्हणजे काय? ढगावर बसायचं, वीणा वाजवायची आणि कायम देवाचं गुणगान करायचं. रोज तांबडा-पांढरा दिला तरी महिन्यात नको वाटतो, मग लाखो वर्षं तेच सुख कसं सोसायचं? अनंत काळात सगळं करून, बघून, ऐकून संपणार आणि उरणार नुसता कंटाळा. मोठ्या तत्त्वज्ञांनी हे सिद्ध केलंय. दुःख नाही तिथं सुखाला चव नाही, मरण नाही तिथं जगण्याला किंमत नाही. आपल्या तुकोबांनीसुद्धा मोक्ष नाकारला. म्हणून मरण हेच खरं वरदान."

मी ख्रिस्ती आहे, कोल्हापुरातच लहानाचा मोठा झालो. स्वर्ग आहे हे युक्तिवादानं सिद्ध करता येतं असं माझं म्हणणं नाही. तो विश्वासाचा भाग आहे. पण 'स्वर्ग असलाच तरी तिथं कंटाळा येणार' हा मात्र युक्तिवाद आहे, आणि युक्तिवाद तपासून बघता येतो.

सगळ्यात आधी, संदेशात दोन वेगळ्या कल्पनांची सरमिसळ झाली आहे. पुराणांतला स्वर्ग, म्हणजे नंदनवन, अमृत, अप्सरा, हा मुळात कायमचा नाहीच. पुण्य संपलं की माणूस पुन्हा मर्त्यलोकात येतो, असं गीतेच्या नवव्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय. निव्वळ भोगानं माणसाचं कायमचं भागत नाही, हे आपल्या भूमीत फार पूर्वीच ओळखलेलं आहे. ख्रिस्ती माणूस ज्याला सार्वकालिक जीवन म्हणतो ते वेगळं. योहानाच्या शुभवर्तमानात, 17 व्या अध्यायात, येशू स्वतःच ते सांगतो: देवाला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन. तिथं सुखाच्या वस्तूंचं कोठार नाही, एका व्यक्तीशी जडलेलं नातं आहे. संदेशातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा कोठाराला लागू पडतो आणि नात्यापाशी येऊन अडतो.

ढग आणि वीणा यांवर फार वेळ घालवत नाही. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात वीणा आहेत, अखंड स्तुतीही आहे. पण माणसं ढगावर बसून राहिली आहेत असं चित्र त्यात नाही. ते युरोपातल्या चित्रकारांकडून आणि पुढं व्यंगचित्रांतून आपल्यापर्यंत आलं. त्या पुस्तकाच्या शेवटच्या दोन अध्यायांत नवी पृथ्वी आहे आणि तिच्यावर उतरणारं एक शहर आहे. तिथं नदी वाहते, काठावरचं झाड दर महिन्याला फळ देतं, त्याची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. पृथ्वीवरचे राजे आपलं वैभव त्या शहरात घेऊन येतात, देवाचे दास त्याची सेवा करतात आणि त्याच्याबरोबर राज्यही करतात. बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकाच्या 65 व्या अध्यायात तर लोक घरं बांधतात, द्राक्षमळे लावतात आणि आपल्या हातच्या कामाचा उपभोग घेतात. बांधकाम, शेती, कारभार, गाणं, सगळं आहे. 'करायला काहीच नाही' हा आक्षेप हे अध्याय न वाचता घेतलेला आहे.

आता तांबडा-पांढरा. संदेशातला सगळ्यात जास्त पटणारा मुद्दा हाच आहे, म्हणून त्याच्यापाशी नीट थांबायला हवं.

रोज रस्सा दिला तर नको वाटेल, हे खरं. पण का नको वाटतं? एक तर पोट भरतं. शरीराला भूक जशी दिलेली आहे तशी 'आता पुरे' ही खूणही दिलेली आहे. दुसरं म्हणजे मेंदूची रचना. वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं की मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी अनपेक्षित बक्षीस मिळालं की उसळतात आणि तेच बक्षीस अपेक्षित झालं की त्याच्या वेळी शांत राहतात. म्हणजे चव बोथट होणं हा या शरीराचा, या मेंदूचा गुण आहे. सुख टिकूच शकत नाही असा काही विश्वाचा नियम त्यातून निघत नाही. आणि आम्ही तर पुनरुत्थान झालेल्या, बदललेल्या शरीराबद्दल बोलतो. शिवाय साधी गोष्ट बघा. साठ वर्षं रस्सा खाल्लेला कोल्हापूरकर रविवारी पुन्हा त्याच चवीनं भुरका मारतो. पाण्याचा कंटाळा आलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. तहान लागली की पाणी दर वेळी तितकंच गोड. जॉन मार्टिन फिशर या अमेरिकी तत्त्वज्ञानं 1994 च्या एका निबंधात हाच भेद मांडलाय: काही सुखं एकदा अनुभवली की संपतात, काही मात्र मध्ये अंतर पडलं की पुन्हा पुन्हा नव्यानं भोगता येतात. संदेश लिहिणाऱ्यानं दुसरी जात विचारातच घेतलेली नाही.

पण त्याहीपेक्षा मोठी चूक अशी की संदेशात पुनरावृत्ती आणि कंटाळा यांना एकच मानलंय. कोल्हापुरात राहून ही चूक व्हायला नको होती.

शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादिया खाँसाहेब या गावात राहिले. त्यांच्या गायकीत वाढलेल्या लोकांच्या शिष्यांकडं मी लहानपणी थोडं गाणं शिकलो. आमचे गुरुजी भूप शिकवायचे. भूपात पाचच स्वर: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. गंधार लागेपर्यंत ते पुढं जाऊच द्यायचे नाहीत. तंबोऱ्यात गंधार ऐकू येतो तो आधी ऐका, मग आवाज लावा, असं सांगायचे. धैवतावर जरा जास्त थांबलं की लगेच हात वर करायचे: "तिथं रेंगाळू नको, देशकार होईल." कारण तेच पाच स्वर, पण गंधाराला मान दिला की रात्रीचा भूप आणि धैवताला दिला की सकाळचा देशकार. पुढं वयाची सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस त्यांनी आम्हाला पूर्वी शिकवलेली धैवतावरून गंधारावर येण्याची एक जागा स्वतःहून बदलली. म्हणाले, ही इतके दिवस आपल्याकडून घाईनं घेतली जात होती. मग सगळ्यांना ती पुन्हा घोटायला लावली. पाच स्वर, एक राग, एक आख्खं आयुष्य, आणि त्यांना त्यात अजून उलगडायचं बाकी दिसत होतं. त्याच वर्गात मात्र अर्ध्या तासात जांभया देणारी मुलंही होती. स्वर दोघांना तेच मिळालेले होते.

किरणोत्सवाचंही तसंच. मी अंबाबाईच्या देवळात भक्त म्हणून जात नाही, पण माझा बालमित्र दर वर्षी जातो. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी, या तारखा त्याला कॅलेंडर न बघता पाठ आहेत. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर चढतात, मग देवीच्या चरणांवर, मग वर वर सरकत चेहऱ्यापर्यंत. पुढं काय होणार हे तिथं जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. एखाद्या वर्षी ढग आडवे आले आणि किरण कमरेपाशीच विझले तर माझ्या मित्राची रात्रभर हळहळ चालते. जे माहीत आहे, जे पूर्वी बघितलंय, तेच पुन्हा बघायला मिळालं नाही म्हणून हळहळ! माहीत असलेल्या गोष्टीचा कंटाळा येतोच, हा नियम खरा असता तर त्या संध्याकाळी मंडप रिकामा दिसला असता.

आणि कंटाळा यायला लाखो वर्षं लागतात हे तरी कुणी सांगितलं? 2014 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. माणसांना रिकाम्या खोलीत 15 मिनिटं नुसतं विचार करत बसायला सांगितलं होतं. हवं तर बटण दाबून स्वतःला विजेचा हलका झटका देण्याची सोय होती. हा झटका टाळायला आपण पैसे मोजू, असं याच लोकांनी आधी सांगितलेलं. तरी 18 पैकी 12 पुरुषांनी आणि 24 पैकी 6 स्त्रियांनी बटण दाबलं. पंधरा मिनिटांत! जॉन ईस्टवुड आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये कंटाळ्याची जी व्याख्या मांडली ती इथं उपयोगी पडते: मन कशात तरी गुंतवायची इच्छा आहे, पण ते गुंतत नाही, ही बेचैनी म्हणजे कंटाळा. या व्याख्येत काळाची लांबी कुठंच येत नाही. मन लागलं तर आयुष्य पुरत नाही, नाही लागलं तर पाव तास जड जातो. तेव्हा विचारायचा प्रश्न 'किती वर्षं?' हा नाही. 'कशात आणि कुणात मन गुंतलंय?' हा आहे.

"अनंत काळात सगळं करून संपणार." हे ऐकायला गणिती वाटतं, पण यात गणिताच्याच दोन चुका आहेत. पहिली अशी की 'अनंत वर्षं झाली' असा दिवस कधी उजाडतच नाही. अनंत जीवनातल्या कोणत्याही दिवशी उभं राहून मागं बघा, मागं मोजता येतील इतकीच वर्षं असणार. दुसरी चूक जास्त महत्त्वाची. सगळं संपायला ते 'सगळं' मुळात मर्यादित असावं लागतं. युक्लिडनं दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवून दिलं की मूळ संख्या कधी संपत नाहीत. कितीही काढल्यात तरी पुढची शिल्लक असतेच. मग स्वर्गात जे आहे ते मर्यादित की अमर्याद, एवढाच वाद उरतो. ते मर्यादित असेल तर संदेश बरोबर आहे, हे मी सरळ मान्य करतो. पण ख्रिस्ती मंडळी देवाला अमर्याद मानते, आणि तेही अडचणीत सापडून आत्ता शोधलेलं उत्तर म्हणून नव्हे. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदुकिया प्रांतात, निस्साचा ग्रेगरी नावाचा बिशप होऊन गेला. त्यानं सांगितलं की देवाला अंत नाही म्हणून त्याच्याकडं जाणाऱ्या जिवाच्या वाढीलाही अंत नाही. प्रत्येक वेळी तृप्ती होते आणि त्या तृप्तीनंच पात्र मोठं होतं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती विचारवंतानं त्याला जोड दिली: ज्याच्याकडं बघताना विस्मय शिल्लक आहे त्याचा कंटाळा येऊ शकत नाही, आणि देवाला पुरतं जाणून संपवणं निर्माण झालेल्या कोणत्याही बुद्धीला शक्य नाही, म्हणून हा विस्मय सरत नाही.

'अनंत म्हणजे लांबलचक काळ नव्हेच, ती काळाच्या बाहेरची अवस्था आहे' असंही एक उत्तर देतात. ते बोएथियस या रोमन तत्त्वज्ञापासून, म्हणजे सहाव्या शतकापासून चालत आलंय आणि देवाबद्दल बोलताना मला ते पटतं. माणसांबद्दल बोलताना मी ते पुढं करत नाही, कारण त्यानं प्रश्नाला उत्तर मिळत नाही, प्रश्नच बाजूला पडतो. आणि जिथं झाड दर महिन्याला फळ देतं तिथं महिने आहेत.

"मोठ्या तत्त्वज्ञांनी सिद्ध केलंय." इथं रोख बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाकडं असणार. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा आधार आहे कारेल चापेक या चेक लेखकाचं 1922 चं नाटक. त्यातली एलिना नावाची गायिका वडिलांनी दिलेल्या रसायनामुळं शतकानुशतकं जगते. विल्यम्स तिचं वय 342 धरतात आणि 300 वर्षं ती 42 वर्षांचीच राहिली असं मानतात. तिला कशातच रस उरत नाही, आणि रसायन पुन्हा घ्यायला ती नकार देते. विल्यम्सचा पेच असा: माणसाचा स्वभाव तोच राहिला तर त्या स्वभावाला घडण्यासारखं सगळं घडून जाईल, आणि स्वभाव पुरता बदलला तर जगणारा तो 'मी' उरणार नाही.

निबंध ताकदीचा आहे आणि तो आदरानं वाचला पाहिजे. पण एलिनाची अवस्था नीट बघा. ती एकटी अमर आहे, मरणाऱ्या माणसांच्या जगात. जिच्यावर, ज्याच्यावर जीव लावला तो प्रत्येक जण तिच्यासमोर गेला. खरी ओळख लपवायची म्हणून दर काही वर्षांनी नाव बदलायचं, गाव सोडायचं. तिला खरंखुरं ओळखणारं माणूस उरलेलंच नाही. तिच्या थंड पडलेल्या मनाचं खापर तीनशे वर्षांवर का फोडायचं? अशा एकटेपणात तीस वर्षं काढलेली माणसंही आतून विझलेली दिसतात. ख्रिस्ती आशेत याच्या बरोब्बर उलट सांगितलंय: कुणी कुणाला सोडून जात नाही, आणि प्रत्येक जण पूर्णपणे ओळखला जातो. एलिनाच्या उदाहरणावरून इतकंच कळतं की प्रेमाशिवाय लांबलेलं आयुष्य शिक्षा आहे. ते तर आम्हीही म्हणतो.

राहिला बदलाचा पेच. दहा वर्षांची मुलगी आणि तीच सत्तर वर्षांची आजी यांच्यात स्वभाव, आवडी, समज सगळं बदललेलं असतं, तरी बाई एकच असते, कारण एकेक बदल आधीच्या तिच्यातूनच वाढत आलेला असतो. वाढ आणि अदलाबदल यांत फरक आहे. प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात विश्वासणाऱ्यांचं रूपांतर तेजातून तेजात होत जातं असं म्हटलंय; ती वाढ आहे. आज आहे तसा मी, हेवेदावे आणि चंचल मन घेऊन, स्वर्गात गेलो तर मला तिथं करमणार नाही, हे शक्य आहे. आमच्या धर्मात म्हणूनच पवित्र होण्यावर एवढा भर आहे.

"दुःख नाही तिथं सुखाला चव नाही." तान्हं बाळ आईचा चेहरा बघून हसतं ते आधीचं दुःख आठवून हसतं का, हे कुठल्याही आईला विचारा. पण वाद नको. समजा, सुख कळायला दुःखाची आठवण लागते. तरी स्वर्गातली माणसं दुःख न बघितलेली नाहीत. देव त्यांच्या डोळ्यांचे अश्रू पुसतो असं प्रकटीकरणात आहे, म्हणजे ती रडून आलेली आहेत. पुनरुत्थान झालेल्या येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रणसुद्धा गेले नव्हते. थोमा या शिष्याला त्यानं ते दाखवले. दुःखाची आठवण ठेवायला दुःख चालू ठेवावं लागत नाही.

"मरण नाही तिथं किंमत नाही" यात किंमत असणं आणि किंमत कळणं यांची गल्लत आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 55 फुटांच्याही वर गेलं, तेव्हा चिखली-आंबेवाडीत, शिरोळ तालुक्यात माणसांनी काय वाचवलं? आधी माणसं, मग जनावरं, मग जमलं तर कागदपत्रं. शेजाऱ्याची किंमत कित्येकांना त्या आठवड्यात कळली. पण पूर येण्याआधीही शेजारी तेवढाच मोलाचा होता. पुरानं फक्त आमचं झोपलेलं लक्ष जागं केलं. लक्ष सतत जागं असलेल्या माणसाला त्यासाठी पुराची गरज नाही. आई लेकरावर जीव लावते तो ते मरणार आहे म्हणून नव्हे.

तुकोबांचं नाव ज्या पद्धतीनं ओढलंय ते मला सगळ्यात जास्त खटकलं. तुकोबा मुक्ती नको म्हणतात, खुशाल पुन्हा जन्माला घाल म्हणतात, हे खरं आहे. पण त्याच अभंगात ते मागतात काय? देवाचा विसर पडू नये, त्याचे गुण आवडीनं गात राहावं, संतांची संगत सदा असावी. ज्या अखंड गुणगानाला संदेशात शिक्षा म्हटलंय, तेच तुकोबा दान म्हणून मागतात, आणि त्यासाठी कितीही जन्म सोसायला तयार होतात. मोक्षाबद्दल त्यांचं आणि माझं म्हणणं एक नाही. मी ख्रिस्ती आहे, ते वारकरी. पण देवाला कायम आळवत राहिल्यानं कंटाळा येईल का, या प्रश्नावर ते संदेशवाल्याच्या बाजूचे साक्षीदार नाहीत. ना. वा. टिळक ख्रिस्ती झाल्यावरही अभंग रचत राहिले आणि आमच्या उपासनेत त्यांची भजनं अजून म्हटली जातात. आमची आजी तीच भजनं चुलीपाशी म्हणायची, अंथरुणाला खिळल्यावरही म्हणायची, आणि मधला एखादा शब्द आम्ही चुकवला तर थांबवून दुरुस्त करायची.

आता शेवटची ओळ, मरण हेच वरदान. दुर्धर आजारात माणूस मरण मागतो, हे मी जवळून बघितलंय. पण त्याला वेदनेतून सुटका हवी असते. वेदना थांबून तो खडखडीत बरा होणार असेल तर तो मरण मागणार नाही. संदेशातला दावा वेगळा आहे. निरोगी, प्रेमात राहणारा, आनंदात असलेला माणूसही एक दिवस निव्वळ कंटाळून मरण मागेल असं त्यात म्हटलंय, आणि त्याला वर बघितलेल्यापैकी एकाही मुद्द्याचा आधार मिळत नाही.

हा संदेश आमच्या मंडळीतल्या एका बाईंच्या फोनवरही आला. त्यांचा मुलगा लहान वयात गेला. त्यांची स्वर्गाची आशा म्हणजे न संपणारी मेजवानी नाही. त्यांना तो मुलगा पुन्हा भेटायला हवाय, आणि ज्या प्रभूच्या हाती त्यांनी त्याला सोपवलं तो प्रभू समोर बघायचाय. त्या बाईंना आपल्या लेकराचा कंटाळा येईल का, हा प्रश्न संदेश पुढं ढकलणाऱ्या प्रत्येकानं आधी स्वतःला विचारावा, आणि उत्तर 'हो' असं आलं तरच बटण दाबावं.